मोटरहोमचा विमा: आरसीतली गाडी आणि दारातली गाडी

अक्कलकोट रोडवरच्या एका शेडमध्ये माझ्या साडूंनी जुनी सतरा आसनी ट्रॅव्हलर घेऊन तिचे मोटरहोम करून घेतले. सुताराने प्लायवूडचे, इलेक्ट्रिशियनने इन्व्हर्टर आणि बॅटरीचे, तर फायबरवाल्याने उंच केलेल्या छताचे पैसे वेगवेगळ्या कच्च्या पावत्यांवर घेतले. रबर बँड लावलेला तो पावत्यांचा गठ्ठा आजही डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे आणि त्याची बेरीज सात लाख ऐंशी हजार रुपये होते. पहिल्याच पावसाळ्यात मोहोळजवळ एका ढाब्याच्या आवारात शिरताना कडुलिंबाची जाड फांदी समोरून छतात घुसली. सर्वेअर आले, त्यांनी एका हातात मोबाइलवर आरसीचा फोटो धरला, दुसऱ्या हाताने टेप लावून छताची उंची मोजली आणि म्हणाले, "आरसीतल्या गाडीला हे छतच नाही." पुढची काच आणि वायपर यांचे पैसे मंजूर झाले. फायबरचे छत, झरोका आणि आतले भिजलेले फर्निचर यांचा एक रुपयाही मिळाला नाही.

साडू अजूनही त्या विमा कंपनीवर रागावलेले आहेत, पण माझ्या मते यात सर्वेअरची चूक नव्हती. विमा कंपनी आपल्या दारात उभी असलेली गाडी पाहून जोखीम घेत नाही. प्रस्ताव-अर्जात आणि नोंदणी पुस्तकात वर्णन केलेल्या गाडीची जोखीम घेते. साध्या कारच्या बाबतीत या दोन गाड्या एकच असतात, त्यामुळे हा फरक आपल्याला कधी जाणवत नाही. मोटरहोम मात्र कारखान्यातून एका रूपात निघते, शेडमध्ये दुसरे रूप घेते आणि सहलीला निघाली की कधी घर, कधी वाहन, कधी भाड्याची खोली होते. कागद प्रत्येक वेळी तिच्याबरोबर बदलले नाहीत, तर क्लेमच्या दिवशी हिशेब जुळत नाही.

नोंदणी आधी, पॉलिसी नंतर

कारखान्यातूनच मोटार कॅरव्हॅन म्हणून मान्यता घेऊन आलेली गाडी आणि आपण हौसेने बदलून घेतलेली गाडी यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचे केंद्रीय मानक असून, बसण्याची जागा आणि टेबल, झोपण्याची सोय (ती आसने उलगडून होणारी असली तरी चालते), स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याचे कप्पे एवढ्या गोष्टी गाडीत पक्क्या बसवलेल्या असणे त्यात अपेक्षित आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता मिळालेला आराखडा असेल, तर आरटीओतील नोंद आणि त्यानंतरचा विमा या दोन्ही गोष्टी बऱ्याच सोप्या होतात.

हौसेच्या गाडीला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. निर्मात्याने दिलेला तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने परवानगीवाचून करू नये, असे हे कलम सांगते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ अन्वये अशा बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची रक्कम भरून टाकता येते. खरी अडचण पुढे आहे, कारण वाहनात महत्त्वाचा बदल करून तो कळवला नाही, हे क्लेम नाकारण्याचे भक्कम कारण विमा कंपनीच्या हातात जाते. म्हणून एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूरच्या आरटीओ कार्यालयातील फेऱ्या सुताराला पहिला ॲडव्हान्स देण्याआधी माराव्यात, नंतर नव्हे.

खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या वर्गवारीत बिगर-परिवहन वाहनांत मोडते आणि पर्यटकांना भाड्याने देण्याची कॅरव्हॅन परिवहन वाहनांत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून अनेकांना वाटते की आपली घरची गाडी अधूनमधून भाड्याने देऊन हप्ता सुटेल. खासगी वाहनाच्या पॉलिसीत 'वापराची मर्यादा' या शीर्षकाखाली भाडे किंवा मोबदला घेऊन केलेला वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांना तुळजापूर दाखवून आणणे हा खासगी वापर आहे. त्याच पाहुण्यांकडून माणशी आठशे रुपये घेतले, की गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम धोक्यात येतो. अपघातात त्रयस्थ व्यक्ती दगावली असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. म्हणजे पीडिताला पैसे मिळतात, आणि नोटीस तुमच्या घरी येते.

व्यावसायिक नोंद असलेल्या गाडीच्या पॉलिसीतही एक खाच आहे. तिच्या प्रमाण शर्तींनुसार दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बंपर आणि रंगकाम यांचे नुकसान गाडी पूर्ण बाद झाल्याशिवाय मिळत नाही. ते हवे असेल, तर आयएमटी-२३ या क्रमांकाचे पुरवणी कलम जास्तीचा हप्ता भरून घ्यावे लागते. जुन्या बसचे मोटरहोम केलेल्यांच्या पॉलिसीत ही ओळ सापडणे दुर्मीळ असते, आणि अशा गाड्यांना खरचटण्याचे प्रसंग मात्र रोज येतात.

थर्ड पार्टी आणि आत बसलेली माणसे

कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरण्यासाठी थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जुळे सोलापुरातल्या गल्लीत ताडपत्री टाकून चार महिने उभी केलेली मोटरहोमही सार्वजनिक रस्त्यावरच उभी असते, त्यामुळे 'सध्या चालवत नाही' म्हणून पॉलिसी संपू देणे परवडत नाही. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, की नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलतही जाते, आणि पाच वर्षे क्लेम न करता ती ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेली असेल तर ते नुकसान मोठे असते.

या विम्यात दुसऱ्याच्या मृत्यूची किंवा इजेची भरपाई न्यायाधिकरण ठरवेल तितकी मिळते. दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी मात्र प्रमाण पॉलिसीत साडेसात लाखांची मर्यादा असते. खासगी कार म्हणून नोंद असलेल्या, १,५०० सीसीहून मोठ्या इंजिनच्या गाडीला जून २०२२ पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला ७,८९७ रुपये आणि त्यावर जीएसटी एवढा हप्ता पडतो. हा दर सरकार ठरवते, त्यामुळे त्यात घासाघीस करण्यात अर्थ नसतो; ती स्वतःच्या नुकसानीच्या भागात करावी.

अनेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की केवळ थर्ड पार्टी पॉलिसी घेतलेल्या खासगी गाडीत फुकट बसलेले नातेवाईक त्रयस्थ धरले जात नाहीत. आत झोपलेल्या सासूबाई, मागच्या बाकावरची मुले, पंढरपूरला सोडायला घेतलेले शेजारी यांच्यासाठी ती पॉलिसी जवळजवळ निरुपयोगी असते. बोलण्यात आपण ज्याला 'फर्स्ट पार्टी' म्हणतो त्या पॅकेज पॉलिसीत त्यांचा समावेश होतो, पण तोही आरसीवरील आसनसंख्येच्या हिशेबाने. गाडीत सहा जण झोपू शकतात म्हणून ती सहा आसनी ठरत नाही, आणि धावत्या गाडीत पलंगावर आडवे झालेल्या माणसाला सीटबेल्टचे आसन नसते. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे; प्रवाशांसाठी तसाच ऐच्छिक विमा थोड्या रकमेत जोडता येतो, तो जोडावा.

आतला संसार कागदावर कसा आणायचा

गाडीच्या विम्याचा पाया म्हणजे आयडीव्ही, अर्थात गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण बाद झाली तर मिळणारी कमाल रक्कम. ती निर्मात्याच्या सूचीतील किमतीवरून घसारा वजा करून काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. त्यापुढे कंपनी आणि मालक आपसांत किंमत ठरवतात. 'निर्मात्याची सूची' हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत, कारण शेडमध्ये बसवलेले काहीच त्या सूचीत नसते.

समजा, गाडी वीस लाखांची होती आणि तिच्यावर आठ लाखांचे काम केले. अडीच वर्षांनी ती चोरीला गेली, तर ३० टक्के घसाऱ्याने गाडीचे १४ लाख मिळतील. जोडकाम आधी जाहीर केलेले असेल, तर त्यालाही तोच घसारा लावून ५ लाख ६० हजार मिळतील. जाहीर केलेले नसेल, तर काहीच मिळणार नाही. जाहीर करण्याची रीत अवघड नाही. फ्रिज, एसी, इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी, सौर पॅनेल, टीव्ही ही विजेवरची उपकरणे वेगळ्या रकान्यात दाखवतात आणि जुन्या दरपत्रकाप्रमाणे त्यांच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता घेतात. पलंग, कपाटे, सिंक, पाण्याची टाकी, बाहेरची छत्री ही विजेवर न चालणारी जोडणी दुसऱ्या रकान्यात जाते. त्यासाठी जीएसटी क्रमांक असलेली बिले लागतात. कच्ची पावती देऊन सुताराने वाचवलेला कर शेवटी आपल्याच खिशातून जातो, हे साडूंच्या गठ्ठ्याकडे पाहिले की पटते.

किरकोळ अपघातात वेगळाच घसारा लागतो आणि मोटरहोमला तो फार झोंबतो, कारण ही गाडी पत्र्यापेक्षा फायबर, प्लास्टिक आणि लाकडाचीच जास्त असते. प्रमाण पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, तर काचेवर शून्य कपात आहे. लाकूड आणि धातूवर गाडीच्या वयानुसार कपात होते, जी दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के असते. अडीच वर्षांच्या, सगळी जोडणी जाहीर केलेल्या गाडीवर तीच कडुलिंबाची फांदी आदळली असे धरू. फायबरच्या छताचे ६०,००० रुपये, प्लास्टिकच्या झरोक्याचे २२,०००, काचेचे १५,००० आणि आतल्या लाकडी पटलांचे ३०,००० असा १,२७,००० रुपयांच्या सुट्या भागांचा खर्च आला. कपात अनुक्रमे १८,०००, ११,०००, शून्य आणि ४,५०० म्हणजे ३३,५०० रुपये होईल. उरलेल्या ९३,५०० मधून मोठ्या इंजिनच्या खासगी गाडीची २,००० रुपयांची सक्तीची वजावट गेली, की ९१,५०० हातात येतील आणि मजुरीचा हिशेब वेगळा होईल. 'झिरो डेप' हे जोडकलम घेतले असेल, तर मधली कपात बहुतांशी टळते. कार घेताना ते चैन वाटू शकते, मोटरहोमला मात्र मी ते आवश्यक मानतो.

काही गोष्टी कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. झीज, यांत्रिक किंवा विजेचा बिघाड आणि हळूहळू होणारी गळती मोटार पॉलिसी मान्य करत नाही. झरोक्याच्या सीलमधून तीन पावसाळे पाणी झिरपून फुगलेले प्लायवूड हा अपघात नाही, आणि प्रवासात बंद पडलेला फ्रिजही नाही. कपडे, लॅपटॉप, कॅमेरा, दागिने हे गाडीचे भाग नसल्याने त्यांची चोरी झाली तर मोटार विमा हात वर करतो. गॅसबद्दल तर वेगळे सांगायला नको, तरी सांगतो: घरगुती जोडणीचे १४.२ किलोचे सिलिंडर घराच्याच स्वयंपाकासाठी असते. पलंगाखाली ते आडवे ठेवून आग लागली, तर सर्वेअरच्या अहवालातील पहिली ओळ त्या सिलिंडरचीच असेल. शेंगा भाजायच्या असतील तर इंडक्शन शेगडी आणि भरवशाची बॅटरी बरी.

सुनौलीपलीकडे

सोलापुरातून विजापूर, कलबुर्गी, हैदराबाद काय किंवा लडाख काय, देशभर पॉलिसी एकच चालते. प्रश्न सुरू होतो तो पशुपतिनाथ किंवा मुक्तिनाथला स्वतःची गाडी घेऊन जायचे ठरते तेव्हा. आपल्या मोटार पॉलिसीत 'भौगोलिक क्षेत्र' अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर फक्त 'भारत' लिहिलेले असते. ती ओळ वाढवण्यासाठी आयएमटी-१ हे पुरवणी कलम आहे. त्याखाली नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या सहा देशांपैकी हवा तो देश, जास्तीत जास्त बारा महिन्यांसाठी, जोडता येतो. जुन्या दरपत्रकात पॅकेज पॉलिसीला यासाठी ५०० रुपये आणि केवळ थर्ड पार्टीला १०० रुपये एवढीच आकारणी होती. इतक्या स्वस्त कलमाची आठवण बहुतेकांना गोरखपूर ओलांडल्यावर होते, आणि तेव्हा एजंटचा फोन लागत नाही.

सुनौलीसारख्या नेपाळच्या नाक्यावर गाडीसाठी दिवसागणिक भन्सार भरावा लागतो. हा सीमाशुल्काचा परवाना आहे. त्याची पावती हातात आली म्हणजे विमाही झाला, असा समज मी अनेक यात्रेकरूंकडून ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. आयएमटी-१ मध्ये आणखी एक मेख आहे: वाहन बोटीने किंवा विमानाने त्या देशात नेत असतानाचे नुकसान त्यातून स्पष्टपणे वगळलेले असते. म्हणजे श्रीलंका यादीत असली, तरी तिथवरचा समुद्र यादीत नाही. त्यासाठी सागरी मालवाहतुकीचा विमा स्वतंत्र घ्यावा लागतो.

या सहा देशांपलीकडे भारतीय पॉलिसीची मजल जात नाही. स्वतःची गाडी घेऊन युरोपकडे निघालेल्यांना दोन कागदांची नावे सतत ऐकू येतात, आणि त्यांची गल्लत महागात पडते. पहिला कागद म्हणजे कार्ने द पासाज. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमार्फत मिळणारी ही पुस्तिका 'गाडी तुमच्या देशात विकणार नाही, परत नेईन, नाहीतर जकात भरेन' अशी हमी असते. इराणसारख्या देशात तिच्यावाचून गाडी आत घेत नाहीत. पण अपघातात कोणी जखमी झाले, तर कार्नेचा काडीचाही उपयोग नाही. दुसरा कागद म्हणजे ग्रीन कार्ड. एका देशाचा थर्ड पार्टी विमा दुसऱ्या देशाने मान्य करावा, यासाठी १ जानेवारी १९५३ पासून चालत आलेली ही युरोपीय व्यवस्था आहे. तिच्यात तुर्की, इराण आणि मोरोक्कोही आहेत. भारत नाही. अरब देशांत ऑरेंज कार्ड, आफ्रिका खंडाच्या पूर्व आणि दक्षिण भागांतील काही देशांत यलो कार्ड, पश्चिम आफ्रिकेत ब्राउन कार्ड अशी त्याच धर्तीची कार्डे आहेत. दक्षिण आशियात असे कार्ड अजून नाही. भूतान, बांगलादेश, भारत आणि नेपाळ यांनी १५ जून २०१५ रोजी थिंफूत मोटार वाहन करारावर सह्या केल्या, पण भूतानने त्याला मंजुरी दिलेली नाही.

त्यामुळे एमएच-१३ पाटीच्या गाडीला प्रत्येक टप्प्यावर स्थानिक थर्ड पार्टी विमा विकत घ्यावा लागतो. तुर्कीतून बल्गेरियात शिरताना जो सीमा-विमा मिळतो तो युरोपीय संघाच्या इतर देशांतही चालतो, ही त्यातली सोयीची गोष्ट. गैरसोयीची गोष्ट अशी, की तो फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो. तुमची गाडी उलटली, जळली किंवा चोरीला गेली, तर आत बसवलेल्या आठ लाखांसकट ती तुमच्याच नावावर जाते. इथे घरी भरलेली पॅकेज पॉलिसी कितीही चांगली असली, तरी ती ओळीतल्या 'भारत' या शब्दापाशी थांबलेली असते.

परदेशात भाड्याने घेताना

म्हणूनच सोलापूरकरांपैकी ज्यांना परदेशात मोटरहोमने फिरायचे असते ते बहुधा तिथेच गाडी भाड्याने घेतात, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचे आहे. थर्ड पार्टीचा प्रश्न तिथे आधीच सुटलेला असतो. जर्मनीत कायद्याने वाहनाच्या विम्यात माणसांच्या इजेसाठी किमान ७५ लाख युरो लागतात. अमेरिकेत हेच आकडे राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून किमान मर्यादा दुप्पट केली, तरी ती एका जखमी माणसामागे ३०,००० डॉलर एवढीच आहे आणि तिथल्या रुग्णालयाच्या बिलापुढे ती काहीच नाही. म्हणून अमेरिकेत जास्तीचे दायित्व संरक्षण विकत घेण्यात कंजुषी करू नये. न्यूझीलंडचा न्याय निराळाच: तिथे थर्ड पार्टी विम्याची सक्तीच नाही, कारण १९७४ पासून अपघातातील इजेचा उपचारखर्च एसीसी ही सरकारी योजना दोष न पाहता उचलते आणि तिच्यात पर्यटकही येतात. दुसऱ्याच्या गाडीचे नुकसान मात्र तिच्यात येत नाही, ते भाड्याच्या करारात पाहावे लागते.

करारात पहिला आकडा पाहावा तो 'एक्सेस'चा, म्हणजे नुकसानीतील आपल्या वाट्याचा. गाडी घेतानाच तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. दिवसाला थोडे जास्त पैसे भरून हा वाटा कमी करता येतो आणि काउंटरवरचा माणूस 'आता कसलीच काळजी नाही' असे हसून सांगतो. त्या हसण्यावर न जाता वगळलेल्या गोष्टींचे पान मागून घ्यावे, कारण मोटरहोमचे नेमके जे नुकसान होते तेच त्यात वगळलेले असते: छत, गाडीचा तळ, बाहेरची छत्री, पाण्यात घातलेली गाडी, डिझेलच्या टाकीत भरलेले पाणी. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि नाइन्टी माइल बीच बहुतेक करारांत बंद असतात. आइसलँडमध्ये वाऱ्याने दार उलटे फाकून तुटणे हा नेहमीचा प्रकार असून तो क्लेममध्ये सहसा धरत नाहीत, आणि उडत्या वाळू-राखेने रंग घासला जाण्याचा विमा तिथे चक्क वेगळा विकतात.

दुसरी गोष्ट परवान्याची. भारतात हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, आणि तेवढ्या मर्यादेत परिवहन वाहनही चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केले. हा आकडा डोक्यात ठेवून युरोपात गाडी निवडू नये. आपल्या आरटीओकडून एक वर्षासाठी मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर 'बी' वर्ग असतो आणि त्याची मर्यादा ३,५०० किलोची आहे. हे वजन रिकाम्या गाडीचे नसून पूर्ण भरलेल्या गाडीच्या परवानगीचे असते. दोन कुटुंबांसाठी घेतलेली ऐसपैस मोटरहोम ही मर्यादा सहज ओलांडते, आणि परवान्याबाहेरची गाडी चालवताना अपघात झाला, तर वर सांगितलेले सगळे संरक्षण कोलमडू शकते. न्यूझीलंडमध्ये साध्या परवान्याला ६,००० किलोपर्यंत मुभा आहे, त्यामुळे तिथला अनुभव जर्मनीत वापरून चालत नाही.

प्रवास विमा या सगळ्याहून वेगळा आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो तुमच्या आजारपणाचा आणि अपघाती उपचारांचा. त्याच पॉलिसीत 'वैयक्तिक दायित्व' असा रकाना दिसला, तरी वाहन चालवताना घडलेले नुकसान त्यातून सहसा वगळलेले असते. काही पॉलिसींत भाड्याच्या गाडीच्या एक्सेसची भरपाई असते, पण 'कार' या शब्दाच्या व्याख्येतून मोटरहोम आणि कॅम्पर व्हॅन वगळल्या नाहीत ना, हे ती पॉलिसी घेण्याआधी पाहावे.

गाडी ताब्यात घेताना छताचा, चारही कोपऱ्यांचा आणि तळाचा व्हिडिओ काढावा, त्यात तारीख आणि किलोमीटरचा आकडा दिसावा. म्युनिकला असलेल्या माझ्या भाच्याने त्यासाठी प्लास्टिकची घडीची शिडी मागून घेतली होती; कर्मचाऱ्याला ते विचित्र वाटले, पण छतावर आधीच असलेला हातभर ओरखडा त्यामुळे त्याच्या फॉर्मवर आला.

इकडे क्लेमवरून मतभेद झालाच, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी अर्ज द्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, ५० लाखांपर्यंतची प्रकरणे तिथे चालतात आणि त्यासाठी फी किंवा वकील लागत नाही. साडूही तिथे जाणार होते. अर्ज लिहायला बसलो तेव्हा 'वाहनातील बदल विमा कंपनीस कोणत्या तारखेस कळवला' या रकान्यापुढे लिहायला काहीच नव्हते, म्हणून तो बेत सोडला.

त्यानंतर त्यांनी आरटीओचे काम मार्गी लावले, आरसीवर बदलाची नोंद करून घेतली आणि मूल्यांकनकर्त्याला बोलावले. त्याने सात लाख ऐंशी हजारांच्या पावत्या बाजूला ठेवून प्रत्यक्ष पाहणीत जोडकामाची किंमत ५ लाख २० हजार धरली. त्यातली विजेवरची उपकरणे २ लाख ३० हजारांची निघाली. त्यांचा ४ टक्क्यांनी ९,२०० आणि जीएसटी धरून १०,८५६ रुपये जादा हप्ता पडला. साडूंनी तो कुरकुरत भरला, आणि नव्या पॉलिसीच्या दुसऱ्या पानावर 'फायबर छत व झरोका' ही नोंद आली आहे की नाही, हे चष्मा लावून दोनदा वाचून पाहिले.